विजेला सुई लावणारे एअर्टन : मुंबईच्या तारखात्यापासून सुरू झालेली मोजमापाची गोष्ट

कुळगाव : शेतातल्या पंपाची मोटार चालू करताना जाणता शेतकरी आधी स्टार्टरच्या पेटीकडे बघतो. पेटीवर दोन गोल काचा असतात. एकीत व्होल्टची सुई, दुसरीत अँपिअरची. व्होल्ट कमी दिसले तर तो बटण दाबत नाही. मोटार चालू असताना अँपिअरची सुई एकदम चढली किंवा शून्यावर पडली, तर तो धावत जाऊन मोटार बंद करतो. एक फेज गेली असेल तर दोन मिनिटांत वाइंडिंग जळू शकतं आणि ऐन लागवडीत हजारोंचा खर्च बसतो, हे त्याला ठाऊक असतं.

ही सुई घराघरात, शेताशेतात पोहोचली त्यामागे ज्या माणसांचे कष्ट आहेत, त्यातलं एक मोठं नाव म्हणजे विल्यम एडवर्ड एअर्टन. माणूस लंडनचा, पण नोकरीची सुरुवात मुंबईत झाली. विजेचं मोजमाप प्रयोगशाळेतून उचलून साध्या कामगाराच्या हाती देण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. दिशा बदलणारा करंट, म्हणजे आपल्या घरातला एसी करंट, किती काम करतो हे कसं मोजायचं, याची एक सोपी रीतही त्यांनीच सहकाऱ्यासोबत काढली.

वकिलाचा मुलगा, तारेच्या नादाला

एअर्टन यांचा जन्म 14 सप्टेंबर 1847 रोजी लंडनमध्ये झाला. वडील वकील होते. मुलगा गणितात हुशार निघाला आणि कॉलेजात त्याने शिष्यवृत्त्या मिळवल्या. त्या काळी विजेचा मोठा धंदा एकच होता, तो म्हणजे तारायंत्र. दिवे नव्हते, मोटारी नव्हत्या. तरुण एअर्टन यांनी हिंदुस्थान सरकारच्या तारखात्याची परीक्षा दिली. पास झाल्यावर त्यांना ग्लासगोला प्राध्यापक विल्यम थॉमसन यांच्याकडे शिकायला पाठवलं गेलं.

हे थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन. अटलांटिक समुद्राखालून तार टाकण्याच्या कामात त्यांचा मोठा हात होता. हजारो मैल लांबच्या तारेतून येणारा क्षीण करंट ओळखायचा, तर मोजायची साधनं नाजूक आणि नेमकी पाहिजेत, हे त्यांनी करून दाखवलं होतं. अंदाजाने बोलू नका, आकडा काढा, ही सवय एअर्टन यांना तिथे लागली आणि जन्मभर टिकली.

मुंबईत पहिली नोकरी

1 सप्टेंबर 1868 रोजी एअर्टन मुंबईत तारखात्याच्या कामावर रुजू झाले. वय 21 पूर्ण व्हायला अजून काही दिवस बाकी होते. कल्याणहून बदलापूर, कर्जतच्या बाजूने पळसदरीकडे जाणारी रेल्वे 1856 मध्ये सुरू झाली होती आणि बोरघाटाचा मार्ग 1863 मध्ये खुला झाला होता. देशभर तारांचं जाळं पसरत होतं. 1870 मध्ये तर समुद्राखालच्या तारेने मुंबई थेट लंडनशी जोडली गेली.

पण जमिनीवरच्या तारांचं दुखणं मोठं होतं. पावसाळ्यात खांब पडायचे, झाडाच्या फांद्या तारेवर यायच्या, चिनी मातीचे चाकडे फुटून करंट जमिनीत उतरायचा. निरोप अडकला एवढंच कळायचं. बिघाड नेमका कुठे झाला, ते कळायचं नाही. मग माणसं तारेच्या कडेने मैलोन् मैल चालत जायची.

तारखात्यात श्वेंडलर नावाचे एक विद्युततज्ज्ञ होते. त्यांच्याबरोबर एअर्टन यांनी बिघाड शोधायची रीत बसवली. त्यामागची गोष्ट समजायला अवघड नाही. तारेच्या प्रत्येक मैलाला ठरावीक रोध असतो. समजा, मैलामागे 10 ओहम रोध आहे. ऑफिसात बसून तार तपासली आणि 420 ओहम रोध आला, तर तार 42 मैलांवर जमिनीला टेकली आहे. प्रत्यक्षात बिघाडाच्या जागेचा स्वतःचा रोध, ओलाव्यामुळे होणारी गळती असे फाटे फुटतात आणि त्यांचा हिशोब धरावा लागतो. तो हिशोब त्यांनी बसवला. माणूस पाठवण्याआधीच जागा कळू लागली. देशातल्या लांबलांबच्या तारांवर ही रीत वापरात आली. 1871 मध्ये एअर्टन यांची बदली कलकत्त्याजवळ अलीपूरला झाली आणि पुढे ते खात्याचे विद्युत अधीक्षक झाले.

महावितरणचा कर्मचारी आज जमिनीखालच्या केबलचा फॉल्ट शोधतो, तेव्हा यंत्र वेगळं असतं, पण विचार तोच असतो. एका टोकाला मोजायचं आणि दूरची जागा ओळखायची.

जपानमध्ये प्रयोगशाळा

1872 मध्ये ते इंग्लंडला परतले. पुढच्या वर्षी जपान सरकारने टोकियोत नवं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं आणि पदार्थविज्ञान व तारविद्या शिकवायला एअर्टन यांना बोलावलं. वर्गात फळ्यावर शिकवून पोरं इंजिनिअर होत नाहीत, अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यांनी मुलांना स्वतःच्या हाताने तारा जोडायला, रोध मोजायला आणि चुका शोधायला लावलं. विजेच्या वापराचं शिक्षण प्रयोगशाळेत देण्याची ही जगातली सुरुवातीची जागा मानली जाते.

1875 मध्ये आयर्लंडचे जॉन पेरी तिथे शिकवायला आले. एअर्टन आणि पेरी यांची जोडी जमली ती कायमची. पुढची अनेक वर्षं त्यांचे शोधनिबंध, पेटंट आणि यंत्रं दोघांच्या नावाने निघत राहिली.

25 मार्च 1878 रोजी टोकियोत तारखात्याच्या समारंभात एअर्टन यांच्या देखरेखीखाली आर्क दिवा पेटवला गेला. जपानमध्ये हा दिवस आजही वीजदिन म्हणून पाळतात. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी फुजिओका इचिसुके यांनी पुढे बल्ब बनवणारी कंपनी काढली. आजच्या तोशिबा कंपनीचं एक मूळ तिथे आहे.

एअर्टन यांच्या पत्नी मटिल्डा यांचंही काम मोठं होतं. बायकांना डॉक्टरकी शिकू द्यावी म्हणून एडिनबराला झगडलेल्या विद्यार्थिनींपैकी त्या एक. जपानमध्ये त्यांनी सुईणींना शिकवण्यासाठी शाळा काढली. तब्येतीने मात्र साथ दिली नाही. 1883 मध्ये त्यांचं निधन झालं.

कोष्टक गेलं, सुई आली

1878 मध्ये एअर्टन लंडनला परतले. तिथे चित्र बदलत होतं. विजेचे दिवे येत होते, डायनॅमो फिरू लागले होते. पण करंट मोजायचा म्हणजे सोपं काम नव्हतं. होकायंत्रासारखी सुई असलेलं जुनं यंत्र टेबलावर अगदी समतल ठेवायचं. ते उत्तर-दक्षिण लावायचं. सुई हलायची थांबेपर्यंत वाट बघायची. मग कोन वाचायचा आणि कोष्टकात बघून गणित करायचं. शेजारी डायनॅमो चालू असेल तर त्याच्या चुंबकाने सुई भरकटायची आणि सगळं मुसळ केरात जायचं.

इंजिनघरात काळ्या हातांनी काम करणाऱ्या माणसाला हे कुठून जमणार?

एअर्टन आणि पेरी यांनी 1880 नंतरच्या काही वर्षांत यावर उत्तर काढलं. त्यांच्या यंत्रात जोरदार चुंबक होता, त्यामुळे बाहेरच्या चुंबकाचा त्रास कमी झाला. सुई झुलत न बसता थेट जागेवर जाऊन थांबायची. आणि काचेखालच्या पट्टीवर थेट अँपिअर लिहिलेले असायचे. कोष्टक नको, गणित नको. करंट दुप्पट झाला की सुई दुप्पट सरकते, एवढं कळलं तरी पुरे. अँपिअर मोजणारा तो अॅमीटर, हे नाव त्यांच्यामुळे रूढ झालं. जोडीला व्होल्टमीटर आला, रोध थेट दाखवणारं यंत्रही आलं.

1882 मध्ये या दोघांनी बॅटरीवर चालणारी तीनचाकी बनवली. तिला विजेचे दिवे होते आणि चालवणाऱ्यासमोर अॅमीटर आणि व्होल्टमीटर होते. ई-रिक्षाच्या पुढच्या काचेखाली आज बॅटरीचा आकडा दिसतो, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

त्याच सुमारास त्यांनी घड्याळावर चालणारं वीजमीटरही काढलं. त्यात घड्याळाच्या लंबकावर विजेचा जोर पडायचा. वीज जितकी जास्त वापरली जाईल, तितकी घड्याळाची चाल बदलायची. चुकलेल्या वेळेवरून किती वीज वापरली ते काढायचं. जर्मनीत हर्मन आरोन यांनी हीच कल्पना वापरून बाजारात चालणारी मीटर बनवली.

एसी करंटचं कोडं

मग एसी आला आणि नवा प्रश्न उभा राहिला.

बॅटरीचा करंट एकाच दिशेने वाहतो. आपल्या घरातला करंट मात्र सेकंदाला 50 वेळा पुढे आणि 50 वेळा मागे जातो. कायमचा चुंबक असलेलं साधं यंत्र त्याला जोडलं तर सुईला एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे धक्का बसतो. इतक्या वेगाने सुई हलू शकत नाही. ती शून्यावरच थरथरत राहते. तारेत करंट आहे, बल्ब पेटला आहे, आणि सुई म्हणते काहीच नाही!

सुताराची करवत आठवली की हे लक्षात येतं. करवत पुढे जाते, मागे येते. सरासरी काढली तर ती जागची हलली नाही. पण लाकूड कापलं जातं. म्हणून करवत किती सरकली ते न बघता लाकूड किती कापलं ते बघायचं. एसी करंटचंही तसंच आहे. तो कोणत्याही दिशेने वाहिला तरी तार तापवतो आणि लोखंडाचा तुकडा कॉईलकडे ओढतो. उष्णता किंवा ओढ मोजली की दिशेचा प्रश्न मिटतो. एअर्टन आणि पेरी यांनी चपट्या पट्टीची एक खास स्प्रिंग काढली होती. ती जराशी ताणली तरी तिचं टोक भरपूर फिरतं. कॉईलमध्ये ओढल्या जाणाऱ्या लोखंडाला ती लावली की बारीकशी ओढ सुईवर मोठी होऊन दिसते.

घरातली वीज 230 व्होल्ट आहे असं आपण म्हणतो, तो आकडा अशाच हिशोबाचा आहे. 230 व्होल्ट डीसीने हीटर जेवढा तापेल, तेवढाच तापवणारा एसी म्हणजे 230 व्होल्ट. प्रत्यक्षात त्याचा दाब दर लाटेत सुमारे 325 व्होल्टपर्यंत चढतो. झटका जीवघेणा का असतो, ते यावरूनही कळेल.

तीन व्होल्टमीटरची युक्ती

व्होल्ट मोजले, अँपिअर मोजले, गुणाकार केला की वॅट मिळतात. डीसीत हे बरोबर. एसीत मात्र मोटार जोडली की हा गुणाकार जास्त येतो. का?

झोपाळा ढकलून बघा. झोपाळा पुढे जात असताना धक्का दिला तर सगळा जोर कामी येतो. तो आपल्याकडे येत असताना धक्का दिला तर जोर लागतो पण झोपाळा उलट मंदावतो. मोटारीत कॉईल असते. तिच्यामुळे करंट व्होल्टच्या थोडा मागे पडतो. काही क्षण धक्का एकीकडे आणि करंट दुसरीकडे. त्यामुळे खरी वीज कमी भरते. या प्रमाणाला आज पॉवर फॅक्टर म्हणतात. कृषिपंपाला कपॅसिटर बसवा असं सांगतात ते यासाठीच. कपॅसिटर हा मागे पडलेला करंट जागेवरच भरून काढतो आणि तारेवरचा, डीपीवरचा भार कमी होतो.

त्या काळी खरे वॅट मोजणारी यंत्रं होती, पण एसीवर ती किती खरं सांगतात याबद्दल वाद होता. 1891 मध्ये एअर्टन आणि त्यांचे सहकारी सम्पनर यांनी एक साधी रीत मांडली. मोटारीच्या आधी ओळीत एक माहीत असलेला रोध जोडायचा. मग तीन ठिकाणी व्होल्ट मोजायचे : रोधावर, मोटारीवर आणि दोन्ही मिळून.

उदाहरण घेऊ. रोध 10 ओहमचा आहे. त्यावर 50 व्होल्ट आले, म्हणजे करंट 5 अँपिअर. मोटारीवर 200 व्होल्ट आहेत. साधा गुणाकार 200 गुणिले 5, म्हणजे 1000. आता दोन्ही मिळून मोजलं तर 250 यायला हवेत, पण व्होल्टमीटर 240 दाखवतो. हे 10 व्होल्ट गेले कुठे? कुठेच गेले नाहीत. दोन्ही लाटा एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत, म्हणून बेरीज कमी भरली. याच फरकात उत्तर दडलेलं आहे. 240 च्या वर्गातून 200 चा वर्ग आणि 50 चा वर्ग वजा करायचा. उरतात 15100. त्याला रोधाच्या दुपटीने, म्हणजे 20 ने भागायचं. उत्तर 755. मोटार खरे 755 वॅट घेते. पॉवर फॅक्टर साधारण पाऊण.

महागडं यंत्र नको, फक्त व्होल्टमीटर आणि कागद-पेन्सिल पाहिजे. डिप्लोमाच्या मुलांना ही तीन व्होल्टमीटरची रीत आजही शिकवतात. ट्रान्सफॉर्मर तपासायची सम्पनर टेस्टही याच सम्पनर यांची.

घरात दुसरी वैज्ञानिक

1884 पासून एअर्टन लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातल्या सेंट्रल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक होते. त्याआधी फिन्सबरीत ते कामगारांच्या मुलांना संध्याकाळी शिकवत. तिथे त्यांच्या वर्गाला सारा मार्क्स नावाची एक मुलगी यायची. घड्याळजीची लेक, घरची गरिबी, पण बुद्धी तेज. 1885 मध्ये दोघांचं लग्न झालं. हर्था एअर्टन या नावाने ती पुढे जगाला माहीत झाली.

आर्क दिव्यांवरचं पतीचं काम हर्था यांनी हाती घेतलं आणि त्यांच्यापेक्षा पुढे नेलं. एकत्र नाव घातलं तर श्रेय नवऱ्यालाच जाईल हे ओळखून एअर्टन यांनी तिच्या कामापासून आपलं नाव लांब ठेवलं. 1899 मध्ये हर्था इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. 1902 मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचं नाव पुढे आलं, पण विवाहित बाई म्हणून ते नाकारलं गेलं. तरी 1906 मध्ये त्याच सोसायटीने त्यांना ह्यूजेस पदक दिलं.

करंट तराजूवर

मोजायचं तर सगळ्या जगाचा अँपिअर एकच पाहिजे. नाहीतर प्रत्येकाची पायली वेगळी. 1893 मध्ये शिकागोला जगभरचे विद्युततज्ज्ञ जमले आणि ओहम, व्होल्ट, अँपिअर यांची मापं ठरली. ब्रिटनच्या बाजूने गेलेल्यांत एअर्टन होते. त्याआधीच्या वर्षी ते विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्ष होते.

शेवटच्या वर्षांत त्यांनी करंट चक्क तराजूत तोलायचं काम घेतलं. दोन कॉईलमधून करंट सोडला की त्या एकमेकींना ओढतात. एक कॉईल तराजूच्या दांडीला लटकवायची आणि ती ओढ वजनाने तोलायची. म्हणजे अँपिअरचं माप थेट वजनकाट्यावर आलं. त्याचा निबंध 1908 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला लंडनमध्ये एअर्टन यांचं निधन झालं. वय 61.

आपल्या भागात काय उरलं

1879 मध्ये शेफिल्डला कामगारांसमोर बोलताना एअर्टन यांनी वीज उंच दाबाने दूरवर नेता येईल, असा विचार मांडला होता. त्यांच्या मृत्यूनंतर 7 वर्षांनी, 1915 मध्ये, टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटावरच्या पाण्याची वीज सुमारे 1 लाख व्होल्टच्या तारांनी मुंबईच्या गिरण्यांना पोहोचली. 1922 मध्ये भिवपुरीचं केंद्र आलं. 1929 मध्ये ठाकुर्लीच्या चोळा पॉवर हाऊसमधून रेल्वेसाठी वीज मिळू लागली. बदलापूरवरून जाणाऱ्या गाड्यांची ओव्हरहेड तार तेव्हा 1500 व्होल्ट डीसीची होती. आता ती 25 हजार व्होल्ट एसीची आहे.

घरातलं जुनं चकती फिरणारं मीटर हंगेरीच्या ओटो ब्लाथी यांच्या 1889 च्या कल्पनेतून आलं. आता डिजिटल मीटर आले. वायरमन तारेला चिमटा लावून टोंग टेस्टरने करंट बघतो. तो चिमटा एकाच तारेभोवती लावायचा असतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना छेद देतात आणि आकडा शून्य येतो.

थ्री फेज मोटारीला वायरमन मंडळी एका हॉर्सपॉवरला साधारण दीड अँपिअर धरतात. म्हणजे 5 हॉर्सपॉवरची मोटार साडेसातच्या आसपास हवी. सुई 10 च्या वर राहत असेल तर व्होल्ट कमी आहेत, बेअरिंग जाम आहे किंवा पंप कशात तरी अडकला आहे. मोटार बंद करून वायरमनला बोलवायला हवं. पेटी ओल्या हाताने उघडू नये. आणि लाइट बिलाबद्दल शंका असेल तर मीटरवरचा आकडा दर महिन्याला एकाच तारखेला वहीत लिहून ठेवावा. 1000 वॅटचा हीटर एक तास चालला की 1 युनिट. वहीतला आकडा आणि बिलावरचा आकडा जुळत नसेल, तर वही घेऊन महावितरणच्या ऑफिसात जाता येतं.